पोरींना सांगायचं कुणी?

(आमच्या गटाने सामुदायिक रेडिओवर केलेलं भाषण)



दुपारची जेवणं उरकून तुम्ही आत्ता जरा टेकलेल्या असाल. कुणी शेंगा फोडत असेल, कुणी गोधडीला टाके घालत असेल. हातातलं काम चालू द्या, कान तेवढा इकडे द्या. आणि आज एक करा. घरात वयात आलेली पोरगी असेल, सून असेल, तर तिलाही जवळ बसवा. पोरगा असेल तर त्यालाही बसू द्या, उठवू नका.

आधी एक कबुली देतो. हा कार्यक्रम दोन महिन्यांपूर्वीच व्हायचा होता. रेकॉर्डिंगही झालं होतं. विषय होता, वयात येणाऱ्या मुलामुलींना शरीराची माहिती कशी द्यायची. आदल्या आठवड्यात आम्ही रेडिओवरून विषय जाहीर केला आणि दुसऱ्या दिवशी फोन सुरू झाले. "बाई, रेडिओ पारावर लागतो, तिथं म्हातारी माणसं बसतात." "शाळेतली पोरं ऐकतात." "तुम्हाला दुसरे विषय नाहीत का?" फोन करणारी माणसं आपलीच होती, चांगली होती, आमच्या कार्यक्रमाचं कौतुक करणारी होती. आम्ही घाबरलो. ते रेकॉर्डिंग बाजूला ठेवलं आणि त्या दिवशी कैरीच्या लोणच्याचा कार्यक्रम लावला. लोणचं छान झालं असं पुष्कळ जणींनी कळवलं.

त्यानंतर महिन्याभराने एक आई आम्हाला भेटायला आली. गाव सांगत नाही, नाव सांगत नाही. तिची मुलगी दहावीला. मुलीचं पोट दुखतंय, पोट फुगतंय, म्हणून तिने आधी घरचे उपाय केले, मग एका ठिकाणी अंगारा आणला, शेवटी दवाखान्यात नेलं. तिथं कळलं की मुलीला पाचवा महिना आहे. मुलीचं वय अठराच्या आत, म्हणून पोलिसांत कळवणं आलं. ज्याने हे केलं त्याच्यावर गुन्हा दाखल झाला. पुढचं काय झालं ते तिचं आहे, ते आम्ही सांगणार नाही. पण ती आई जे बोलली ते सांगतो. ती म्हणाली, "पोरगी मला म्हणते, असं केल्यानं दिवस जातात हे मला माहीतच नव्हतं. आई, तू कधी सांगितलंच नाहीस. मी काय सांगणार होते? मला तरी कुणी सांगितलं होतं? लग्नाच्या रात्री कळलं. पण तुम्ही तर बोलता ना रेडिओवर? मी दर आठवड्याला ऐकते. तुम्ही का नाही सांगितलंत?"

आमच्याकडे उत्तर नव्हतं. म्हणून आज हा कार्यक्रम करतो आहोत. फोन आले तरी करणार आहोत.

मैत्रिणींनो, त्या दिवसापासून आम्ही शोधायला लागलो की ही भीती आपल्या गावचीच आहे का. गटातल्या शिकलेल्या मुलींनी जुनी माहिती काढली, आम्ही बाकीच्यांनी ऐकली. तेव्हा कळलं, जे आमच्या रेडिओचं झालं तेच आपल्या राज्याच्या सरकारचंही झालं होतं.

२००५ च्या सुमारास केंद्र सरकारने शाळांसाठी किशोरवयीन मुलांच्या शिक्षणाचा कार्यक्रम आणला. त्या वेळी एड्सची मोठी धास्ती होती. शिक्षकांना प्रशिक्षण द्यायचं, तक्ते द्यायचे, नववी ते अकरावीच्या मुलांना शरीरात होणारे बदल, गर्भधारणा, गुप्तरोग, नको असलेल्या स्पर्शाला नाही म्हणणं, हे शिकवायचं. २००७ साली महाराष्ट्रात आमदारांनी त्यातल्या चित्रांवर आणि मजकुरावर आक्षेप घेतले. हे आपल्या संस्कृतीत बसत नाही, मुलं बिघडतील, असं म्हटलं गेलं. सरकारने कार्यक्रम थांबवला. त्या वेळी आपल्याकडे काँग्रेस-राष्ट्रवादीचं सरकार होतं. शेजारच्या मध्य प्रदेशात आणि गुजरातेत भाजपचं होतं, तिथंही तो थांबला. कर्नाटकात थांबला, राजस्थानात थांबला. एरवी एकमेकांचं तोंड न बघणारे पक्ष या एका गोष्टीवर एक झाले.

मग हे प्रकरण दिल्लीला गेलं. राज्यसभेची एक समिती आहे, लोकांचे अर्ज ऐकणारी. त्या वेळी तिचे अध्यक्ष व्यंकय्या नायडू होते. या समितीने २००९ साली सांगितलं की शाळेत लैंगिक शिक्षण नको. शरीराच्या वाढीचे आणि एड्सचे धडे बाकीच्या पुस्तकांतून काढा आणि अकरावी-बारावीच्या जीवशास्त्रात टाका. आता हे ऐकून तुम्हीच हिशोब करा. आपल्या किती पोरी बारावीला पोचतात? त्यातल्या किती सायन्सला जातात? सातवीनंतर शाळा सुटली, दहावीनंतर लग्न झालं, ऊसतोडीला आईबापाबरोबर गेली, त्या पोरीने हे जीवशास्त्र कुठं वाचायचं? ज्या मुलीला ही माहिती सगळ्यात आधी लागते, तिच्यापर्यंत ती कधीच पोचू नये अशी ही सोय झाली.

आज दहावीच्या विज्ञानाच्या पुस्तकात प्रजननाचा धडा आहे. पण आमच्या गटातल्या दोघींच्या मुलींना विचारलं, तर सरांनी तो धडा "घरी वाचून घ्या" म्हणून सोडला होता. घरी वाचायला बसलं की आजी विचारते, पुस्तकात कसली चित्रं बघतेस?

हा वाद आपल्या राज्यात आजचा नाही. महर्षी धोंडो केशव कर्वे तुम्हाला माहीत आहेत, विधवांच्या शिक्षणासाठी झटले ते. त्यांचे थोरले चिरंजीव रघुनाथ कर्वे. त्यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचा सल्ला देणारं केंद्र काढलं. देशात स्वातंत्र्य यायच्या आधी सव्वीस वर्षं. बायको मालतीबाई त्यांच्या बरोबरीने उभ्या राहिल्या. या कामापायी कर्व्यांची कॉलेजातली प्राध्यापकाची नोकरी गेली. १९२७ पासून त्यांनी 'समाजस्वास्थ्य' नावाचं मासिक चालवलं, ते १९५३ साली वारले तोवर. मासिकात वाचक प्रश्न विचारायचे आणि ते सरळ उत्तरं द्यायचे. त्या उत्तरांना अश्लील ठरवून त्यांच्यावर खटले झाले. १९३४ च्या खटल्यात त्यांचे वकील कोण होते? डॉक्टर बाबासाहेब आंबेडकर. खटला हरले, कर्व्यांना दंड झाला. त्यांच्यावर अमोल पालेकरांनी 'ध्यासपर्व' नावाचा सिनेमा काढला आहे. कुठं लागला तर जरूर बघा.

बाबासाहेब तिथंच थांबले नाहीत. १० नोव्हेंबर १९३८ ला मुंबईच्या विधिमंडळात त्यांच्या स्वतंत्र मजूर पक्षाचे आमदार पी. जे. रोहम यांनी ठराव मांडला की सरकारने संततिनियमनाची माहिती आणि साधनं लोकांपर्यंत पोचवावीत. त्यासाठीचं भाषण बाबासाहेबांनी तयार केलं होतं. त्यात एक मुद्दा असा होता की बाळंतपणाच्या कळा पुरुषांना सोसाव्या लागल्या असत्या, तर एकानेही आयुष्यात एकापेक्षा जास्त मूल होऊ दिलं नसतं. आमच्या गटात हे वाचून दाखवलं तेव्हा बायका हसून लोळल्या. मग एक म्हातारी काकू शांत झाली आणि म्हणाली, "माझी नऊ बाळंतपणं. चार जगली." सभागृहात मात्र तो ठराव नामंजूर झाला.

इथपर्यंत ऐकून तुम्हाला वाटेल की सरकारला हा विषयच नको असतो. तसंही नाही. सरकारला आपल्या पोटात काय चाललंय याची फार काळजी असते. फक्त माहिती द्यायची वेळ आली की संस्कृती आठवते, आणि मोजणी करायची वेळ आली की आठवत नाही.

आणीबाणीचा काळ तुमच्यातल्या सासवांना आठवत असेल. माणसांना धरून नसबंदीला नेत. १९७६ साली आपल्या महाराष्ट्राच्या विधिमंडळाने एक विधेयक मंजूर केलं होतं, तीन मुलं झाली की सक्तीने नसबंदी करायची. राष्ट्रपतींची सही झाली नाही म्हणून ते लागू झालं नाही. पण ज्या विधिमंडळाला १९३८ साली माहिती देणं जड गेलं, त्याच्याच पुढच्या पिढीला सक्ती करणं जड गेलं नाही.

आणि आजचा नियम तर तुम्हाला पाठ आहे. १२ सप्टेंबर २००१ नंतर तिसरं मूल झालं, तर ग्रामपंचायतीचं, पंचायत समितीचं, जिल्हा परिषदेचं पद मिळत नाही, असलेलं जातं. नियम चांगला की वाईट यावर आमच्या गटातच दोन मतं आहेत. काही जणी म्हणतात, बरा आहे, निदान घरातले विचार तरी करतात. दुसऱ्या म्हणतात, मूल किती हे बाई ठरवते का? ठरवतात नवरा आणि सासू, पहिल्या दोन मुली असल्या की मुलगा होईपर्यंत थांबू देत नाहीत, आणि पद मात्र तिचं जातं. मत कुठलंही असू द्या. आम्ही एवढंच विचारतो. ज्या सरकारने नियम केला, त्याने त्या बाईला पंधराव्या वर्षी, अठराव्या वर्षी, लग्नाआधी कुठं बसवून सांगितलं होतं का, की पाळणा कसा लांबवतात, कसा थांबवतात?

सांगितलं नाही, म्हणून काय झालं ते २०१९ ते २१ च्या सरकारी कुटुंब आरोग्य पाहणीत दिसतं. आपल्या राज्यातल्या लग्न झालेल्या जवळपास निम्म्या बायकांनी ऑपरेशन केलंय. पुरुषांचं ऑपरेशन शंभरात एकाचंसुद्धा नाही. म्हणजे बाईला पाळणा लांबवायची साधनं कुणी नीट सांगत नाही. लहान वयात लग्न होतं, भराभर दोन-तीन मुलं होतात आणि बाविसाव्या-पंचविसाव्या वर्षी एकदम ऑपरेशन. त्याच पाहणीत वीस ते चोवीस वर्षांच्या सुमारे २२ टक्के बायकांचं लग्न अठराच्या आत झालेलं होतं. कायद्याने अठराच्या आत लग्न करता येत नाही, हे सगळ्यांना माहीत असून.

आता टीव्हीकडे येऊ. टीव्ही आपल्या घरात रोज असतो, म्हणून त्याचं जरा जास्त बोलू.

जुन्या बायकांना लाल त्रिकोण आठवत असेल. भिंतीवर, एसटीच्या मागे, दवाखान्यात. निरोध १९६८ पासून सरकारने स्वस्तात विकायला सुरुवात केली. मग दूरदर्शन आलं. १९८४ साली ७ जुलैला 'हम लोग' ही मालिका सुरू झाली. आपल्यातल्या कितीतरी जणींनी सरपंचाच्या घरी, नाहीतर पंचायतीच्या टीव्हीपुढे सतरंजीवर बसून ती बघितली असेल. ही मालिका कुटुंबनियोजनाचं शिक्षण व्हावं म्हणूनच काढली होती. पहिल्या काही भागांत उपदेश फार होता, लोक कंटाळले. मग लेखक मनोहर श्याम जोशींनी घरातल्या माणसांची गोष्ट पुढे आणली आणि गाडी चालली. शेवटी अशोककुमार येऊन दोन शब्द बोलायचे. लोकांनी लाखांवर पत्रं पाठवली. पण कुटुंबनियोजनाचा मूळ विषय मात्र मागे पडला. तरी एक गोष्ट त्यातून शिकण्यासारखी आहे. भाषण लोक ऐकत नाहीत, गोष्ट ऐकतात.

पुढे २०१४ साली ८ मार्चला दूरदर्शनवर 'मैं कुछ भी कर सकती हूँ' आली. मुंबईची नोकरी सोडून गावी परत आलेली डॉक्टर स्नेहा, आणि गावातल्या बायकांचे प्रश्न. लहान वयातलं लग्न, मुलगाच हवा हा हट्ट, दोन मुलांतलं अंतर. त्यात हे सगळं मोकळेपणानं होतं, आणि आकाश काही कोसळलं नाही.

आणि मग २०१७ साल. डिसेंबरात केंद्राच्या माहिती आणि प्रसारण खात्याने टीव्ही वाहिन्यांना कळवलं की कंडोमच्या जाहिराती रात्री दहा ते सकाळी सहा या वेळातच दाखवा. काही जाहिराती खरोखर चावट होत्या, हे आम्हीही मान्य करतो. चारचौघांत बघवत नसत. पण सरसकट सगळ्याच रात्री दहानंतर? प्रकरण राजस्थानच्या उच्च न्यायालयात गेलं, तेव्हा खात्याने खुलासा केला की नुसती माहिती देणाऱ्या साध्या जाहिरातींना ही बंदी नाही. पण तोवर लोकांच्या मनात बसलं ते बसलं, की ही रात्रीची, लपवायची गोष्ट आहे.

दिवसा टीव्हीवर काय दिसतं ते आपण बघतोच. सिनेमातली नाचगाणी दुपारीही लागतात. त्यांना वेळेचं बंधन नाही. दिवस कसे राहतात याकडे नेणारं सगळं दिवसा, आणि दिवस राहू नयेत म्हणून काय करायचं ते रात्री दहानंतर. आपल्यातली कोणती बाई रात्री दहानंतर टीव्ही बघते? पहाटे पाचला उठून पाणी भरायचं असतं.

'बालक-पालक' हा मराठी सिनेमा तुम्ही बघितला असेल, २०१३ सालचा. शेजारच्या ताईने 'शेण खाल्लं' असं मोठी माणसं कुजबुजतात, आणि पोरांना कळत नाही म्हणजे नेमकं काय केलं. घरात विचारलं तर धपाटा. मग पोरं चोरून व्हिडिओ आणून बघतात. आता तर व्हिडिओ आणायलाही नको. प्रत्येक पोराच्या हातात मोबाईल आहे. आपण सांगितलं नाही म्हणून पोरं अडाणी राहत नाहीत. ती मोबाईलवरून शिकतात, आणि तिथं त्यांना शिकवलं जातं की बाईला विचारायचं नसतं. आपल्या पारावरच्या थोरांना आमचा रेडिओ खुपतो, पण त्याच पारावर बसलेल्या पोरांच्या मोबाईलमध्ये काय चाललंय, ते त्यांनी कधी वाकून बघितलंय का?

मुलं बिघडतील या भीतीबद्दल सर्वोच्च न्यायालयाने २३ सप्टेंबर २०२४ च्या एका निकालात स्पष्ट सांगितलंय. लैंगिक शिक्षणाने मुलं वाह्यात होतात हा गैरसमज आहे, आणि ही काही फक्त परदेशी गोष्ट आहे हाही गैरसमज आहे, असं न्यायालय म्हणतं. आमच्या शेजारणीची भाषा साधी आहे. ती म्हणते, "विहिरीला कठडा बांधला म्हणून कुणी विहिरीत उडी मारत नाही."

तर आता बोलू जे बोलायचं राहून गेलं होतं. सोप्या शब्दांत सांगतो. तुम्ही हेच शब्द घरी वापरा.

पहिलं. पुरुषाचं वीर्य बाईच्या योनीत गेलं की दिवस राहू शकतात. पहिल्याच वेळी राहू शकतात. एकदाच झालं तरी राहू शकतात. नंतर धुतलं, उड्या मारल्या, पपई खाल्ली, याने काही थांबत नाही. लग्न झालेलं असो-नसो, शरीर ते विचारत नाही. मुलीला पाळी सुरू झाली म्हणजे तिला दिवस राहू शकतात. पण बाराव्या वर्षी पाळी आली म्हणून बाराव्या वर्षी शरीर बाळंतपणाला तयार झालं असं नाही.

दुसरं. पाळणा लांबवायच्या साधनांची नावं बहुतेकींना येतात, वापरायची कशी ते येत नाही. निरोध उपकेंद्रात फुकट मिळतो, आशाताईंकडे मिळतो. गुप्तरोग आणि एड्सपासून वाचवणारं साधन तेवढं एकच. माला-एन ही गोळी रोज घ्यायची, एकही दिवस न चुकवता. छाया गोळी पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा, नंतर आठवड्यातून एकदा. अंतरा हे इंजेक्शन तीन महिन्यांतून एकदा. ते थांबवल्यावर पुन्हा दिवस राहायला काही महिने लागू शकतात, पण त्याने वांझपण येत नाही. तांबी पाच वर्षांची असते, दहा वर्षांची असते, हवी तेव्हा काढता येते, आणि बाळंतपणानंतर अठ्ठेचाळीस तासांत दवाखान्यातच बसवून घेता येते. तांबी काळजात जाते हे खोटं आहे, ती पिशवीतच असते. कुणाला काय चालतं ते सिस्टरला विचारून घ्यायचं. ब्लडप्रेशर असेल, अंगावर पाजत असाल, तर ते आधी सांगायचं.

निरोध फाटला, किंवा जबरदस्ती झाली, तर बहात्तर तासांच्या आत घ्यायची गोळी असते. जितक्या लवकर तितकी चांगली. ही गोळी अडीअडचणीची आहे, महिन्याची सवय करायची नाही. जबरदस्ती झाली असेल तर नुसती गोळी घेऊन गप्प बसू नका, दवाखान्यात जा.

आणि पुरुषांचं बिनटाक्याचं ऑपरेशन. बायकांच्या ऑपरेशनपेक्षा सोपं, पोट उघडावं लागत नाही, त्याच दिवशी घरी. ताकद जात नाही, शेतातलं काम सुटत नाही. हे रेडिओवर आम्ही पुन्हा पुन्हा सांगणार आहोत, कारण ऐकणारे कान फार कमी आहेत.

तिसरं. दिवस राहिलेच आणि नको असतील, तर गर्भपात आपल्या देशात १९७१ पासून कायदेशीर आहे. २०२१ च्या दुरुस्तीनंतर वीस आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरच्या मताने होतो. वीस ते चोवीस आठवड्यांपर्यंत दोन डॉक्टर लागतात आणि तो काही ठराविक बायकांनाच करता येतो, जशा बलात्कार झालेल्या, अठराच्या आतल्या, विधवा किंवा घटस्फोट झालेल्या. सज्ञान बाईला नवऱ्याची सही लागत नाही. अठराच्या आतल्या मुलीसाठी पालकाची लेखी संमती लागते. मुलगी आहे म्हणून गर्भ पाडणं हा मात्र गुन्हा आहे. मेडिकलमधून कुणी लपून आणलेल्या गोळ्या, दाईची काडी, झाडपाला, यातलं काही करू नका. यात जीव जातो.

चौथं, ज्या आयांच्या मुली अठराच्या आत आहेत त्यांच्यासाठी. मुलीची पाळी चुकली तर मारू नका, कोंडू नका, लगेच दवाखान्यात न्या. एकेक आठवडा मोलाचा असतो. कायद्याप्रमाणे डॉक्टरला पोलिसांत कळवावं लागतं. या भीतीने पुष्कळ जणी लपवतात. पण २०२२ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितलंय की मुलीने आणि पालकांनी विनंती केली, तर अशा गर्भपाताच्या वेळी डॉक्टरने पोलिसांना मुलीचं नाव-गाव सांगायची गरज नाही. घरात बोलायला कुणी नसेल तर मुलगी स्वतः १०९८ वर फोन करू शकते, मोफत असतो. आरोग्याची माहिती १०४ वर मिळते. सरकारी रुग्णालयांत मैत्री क्लिनिक असतं, तिथं मुलंमुली स्वतः जाऊन विचारू शकतात.

आता प्रश्न राहतो, सांगायचं कसं. जीभ वळत नाही हे आम्हाला माहीत आहे. आमचीही वळली नव्हती. गटात आम्ही एक केलं. सगळ्यांनी एका चिठ्ठीवर आपल्याला लग्नाआधी काय माहीत असायला हवं होतं ते लिहिलं, नाव न घालता. चिठ्ठ्या एका डब्यात टाकल्या आणि वाचल्या. एकीने लिहिलं होतं, "रक्त बघून मला वाटलं मी मरणार." एकीने लिहिलं होतं, "नाही म्हणता येतं हे मला अजून माहीत नाही." हे वाचून झाल्यावर लाज कुणालाच राहिली नाही.

गडचिरोलीच्या डॉक्टर राणी बंग यांनी दोन गावांतल्या बायकांना तपासलं होतं. त्याचा अहवाल १९८९ साली छापून आला. शंभरातल्या ९२ बायकांना अंगाखालचा काही ना काही आजार होता, आणि फार थोड्या कधी डॉक्टरकडे गेल्या होत्या. अंगावर काढायची आपली सवय लाजेतूनच आली. त्याच राणीताईंनी पुढे 'तारुण्यभान' नावाने मुलामुलींची शिबिरं सुरू केली, जिथं हे सगळं सरळ बोललं जातं. एवढं लांब जाणं जमणार नाही, पण आपल्या गटात तर जमेल.

म्हणून तीन गोष्टी करू या. आपापल्या गटात अशी एक चिठ्ठ्यांची बैठक घ्या, आशाताईंना आणि सिस्टरना बोलवा. शाळेच्या व्यवस्थापन समितीत आपल्या ज्या बाया आहेत, त्यांनी मुख्याध्यापकांना विचारा की प्रजननाचा धडा वर्गात शिकवला का. शिकवला नसेल तर सिस्टरना बोलवून शिकवून घ्या, मुलांना आणि मुलींना दोघांनाही. आणि येत्या ग्रामसभेत विषय मांडा की उपकेंद्रात महिन्यातून एक दिवस वयात आलेल्या मुलामुलींसाठी ठेवा. आमदार मतं मागायला येतील तेव्हाही हेच विचारा. तिसऱ्या मुलाचा नियम तुम्ही ठेवलात, मग पहिल्या मुलाआधीची माहिती कुठं आहे?

त्या आईला आम्ही आज फोन करून सांगितलं होतं की कार्यक्रम लागणार आहे. ती ऐकत असेल. तिची मुलगीही कदाचित ऐकत असेल. पोरी, तुला एवढंच सांगायचंय की चूक तुझी नव्हती. सांगायला पाहिजे होतं आम्ही, आणि आम्ही उशीर केला.

पुढच्या गुरुवारी सिस्टर आपल्याकडे येणार आहेत, तुमच्या प्रश्नांना उत्तरं द्यायला. प्रश्न चिठ्ठीवर लिहा आणि गटाच्या डब्यात टाका. नाव लिहायचं नाही. मुलांनीही टाका. पारावर बसलेल्या काका-आजोबांनीसुद्धा टाकले तरी चालतील.

येतो आम्ही. रामराम.